क्लेपची अमेरिकन इतिहासाची परीक्षा: भारतात शिकलेल्यांनी तयारी कुठून करावी

तुमचं सगळं शिक्षण पुण्यात झालं, आता डॅलसजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलंय आणि डिग्रीसाठी अमेरिकन इतिहास सक्तीचा आहे. घरात लहान मूल, त्यामुळे सेमिस्टरभर वर्गात बसण्याऐवजी क्लेप (कॉलेज बोर्डाची, थेट परीक्षा देऊन कॉलेजचं क्रेडिट मिळवण्याची सोय) देऊन क्रेडिट मिळवता येईल का आणि दोन महिने पुरतील का, असा तुमचा प्रश्न आहे. येईल आणि पुरतील. रोज तासभर नीट बसलात तर दोन महिने भरपूर झाले. पण पुस्तक उघडायच्या आधी एक ईमेल करा.

टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पदवीसाठी अमेरिकन इतिहासाचे ६ क्रेडिट लागतात. क्लेपच्या या विषयात दोन वेगळ्या परीक्षा आहेत: पहिली वसाहतींच्या सुरुवातीपासून १८७७ पर्यंत, दुसरी १८६५ पासून आजपर्यंत. प्रत्येकीचे साधारण ३ क्रेडिट मिळतात. गुण २० ते ८० या पट्टीवर येतात आणि ५० ला क्रेडिट द्यावं अशी सर्वसाधारण शिफारस आहे, मात्र शेवटचा शब्द कॉलेजचा. तुम्ही पुढे ज्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेणार आहात तिथल्या अ‍ॅडव्हायझरला आत्ताच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कम्युनिटी कॉलेजने मान्य केलेलं क्लेपचं क्रेडिट युनिव्हर्सिटी नव्याने तपासते, तिथे लोकांची फार चिडचिड होते. आणखी एक, यात क्रेडिट मिळतं, ग्रेड मिळत नाही. जीपीए वर काढायचा असेल तर ही परीक्षा त्या कामाची नाही.

पहिल्या भागाबद्दलच सविस्तर लिहितो, कारण तुम्ही तोच आधी देणार आहात. ९० मिनिटं, सुमारे १२० प्रश्न, सगळे बहुपर्यायी. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. आपल्याकडच्या निगेटिव्ह मार्किंगच्या सवयीने बरेच जण उगाच सोडून देतात.

आता मुख्य गोष्ट. या पेपरात १७८९ पर्यंतच्या काळाला साधारण ३० टक्के आणि १७९० ते १८७७ ला तब्बल ७० टक्के वजन आहे. आपण मात्र अभ्यास पहिल्या पानापासून सुरू करतो. कोलंबस, जेम्सटाउन, प्लिमथ, तेरा वसाहती, वॉशिंग्टनच्या लढाया यांत महिना जातो आणि गृहयुद्धाशी पोचेपर्यंत परीक्षा चार दिवसांवर आलेली असते. लढायांची तर फारशी गरजच नाही. साराटोगा का महत्त्वाची (फ्रान्स उघडपणे मदतीला आला), यॉर्कटाउनला काय झालं, एवढं पुरे. शिवाजी महाराजांच्या मोहिमा तारखांसकट पाठ करून आलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं, पण हा पेपर ‘कोणी जिंकलं’पेक्षा ‘का झालं आणि त्यातून पुढे काय निघालं’ हे जास्त विचारतो.

म्हणून १७९० नंतरचा काळ एका धाग्यावर ओवा: देश पश्चिमेला पसरतो आणि प्रत्येक नव्या जमिनीबरोबर ‘इथे गुलामगिरी चालेल का?’ हा प्रश्न पुन्हा उठतो. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घातली. १८०३ मध्ये जेफरसनने १.५ कोटी डॉलरला लुइझियाना विकत घेतलं. त्या जमिनीवरून वाद पेटला तेव्हा १८२० ची मिसूरी तडजोड झाली: मिसूरी गुलामीचं राज्य, मेन मुक्त राज्य, आणि नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ, जिच्या उत्तरेला लुइझियानाच्या उरलेल्या जमिनीत गुलामगिरी नाही. मग १८४५ ला टेक्सास सामील झालं, मेक्सिकोशी युद्ध झालं आणि कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख हाती आला. पुन्हा तोच वाद, पुन्हा १८५० ची तडजोड, आणि तिच्यातला पळालेल्या गुलामांना परत पाठवण्याचा कायदा उत्तरेला संतापवून गेला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसूरीची रेघच पुसली. त्यातून व्हिग पक्ष मोडला आणि रिपब्लिकन पक्ष जन्मला. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नव्या प्रदेशांत गुलामगिरी बंद करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. आता तडजोडीला जागाच उरली नाही. १८६० ला लिंकन निवडून आला आणि दक्षिणेची राज्यं फुटायला लागली.

ही साखळी कागद न बघता कुणाला तरी सांगता आली की पेपराचा कणा तयार झाला. नवऱ्याला सांगा, कंटाळेल तो, पण सांगा. तिला जोडून अध्यक्ष जॅक्सनचा काळ घ्या: १८३० चा इंडियन रिमूव्हल कायदा, चेरोकींची हकालपट्टी, राष्ट्रीय बँकेच्या विधेयकाला व्हेटो, साउथ कॅरोलायनाचा नलिफिकेशनचा (केंद्राचा कायदा आपल्या राज्यापुरता रद्द मानण्याचा) हट्ट. सरन्यायाधीश मार्शलच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल न चुकता करा, १८०३ चा मार्बरी आणि १८१९ चा मॅककलक. लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १८६३ चा, तो फक्त बंड केलेल्या राज्यांपुरता होता, यावर हमखास फसवतात. १३, १४, १५ या तीन घटनादुरुस्त्यांत गल्लत होऊ देऊ नका: गुलामगिरी बंद, नागरिकत्व, मताधिकार, याच क्रमाने.

राजकारणाला ३५ टक्केच वजन आहे. सामाजिक आणि सांस्कृतिक विषय मिळून ४० टक्के होतात, आणि तिथेच आपली माणसं गुण घालवतात. दुसरं ग्रेट अवेकनिंग (धार्मिक जागृतीची लाट), दारूबंदीची चळवळ, १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद, लोवेलच्या गिरण्यांत काम करणाऱ्या मुली, आयरिश आणि जर्मन स्थलांतरित, एमर्सन आणि थोरो हे लेखक. इथे खोलात जायचं कारण नाही. कोण, कधी, कशासाठी, एवढ्या तीन ओळी प्रत्येकी. परराष्ट्र धोरण १५ टक्के आणि अर्थकारण १० टक्के. परराष्ट्र धोरणात मन्रो सिद्धांत आणि अर्थकारणात ईरी कालवा या नेहमीच्या गोष्टी.

लक्षात ठेवायला आपल्याकडचे काही धागे खरोखर उपयोगी पडतात. बॉस्टनच्या बंदरात १७७३ ला बुडवलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. यॉर्कटाउनला ज्याचं सैन्य शरण गेलं तोच कॉर्नवॉलिस पुढे भारतात गव्हर्नर जनरल झाला आणि टिपूविरुद्ध मराठे त्याच्या बाजूने लढले. गृहयुद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ ला युद्ध संपताच बाजार कोसळला. कापसापायी ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल ही दक्षिणेची आशा का फसली, त्याच्या उत्तरातला एक भाग हाच. फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा तिकडे पुनर्रचनेचा (गृहयुद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याचा) काळ चालू होता.

साहित्यावर पैसे घालू नका. ओपनस्टॅक्सचं अमेरिकन इतिहासाचं मोफत पाठ्यपुस्तक घ्या, त्यातली पहिली १६ प्रकरणं या पेपरची. मॉडर्न स्टेट्सचा मोफत कोर्स पूर्ण केलात की परीक्षा फीचं व्हाउचरही मिळतं. परीक्षा केंद्राची वेगळी फी असू शकते, ती विचारून ठेवा. शेवटचे दोन आठवडे वाचन बंद करून फक्त सराव प्रश्न, घड्याळ लावून. ‘खालीलपैकी कोणते नाही’ अशा प्रश्नांत घाईने पहिला बरोबर दिसणारा पर्याय मारला जातो, ते जपा.

नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. लग्नानंतर पासपोर्टवर एक आणि कॉलेजात दुसरं, मध्ये नवऱ्याचं नाव कुठे आहे कुठे नाही, असा घोळ आपल्याकडे सर्रास असतो. गुण कोणत्या कॉलेजला पाठवायचे तेही तेव्हाच निवडा, ते फुकट असतं. नापास झालात तर तीच परीक्षा तीन महिने देता येत नाही, म्हणून सरावात आरामात ५० च्या वर जात नाही तोवर तारीख घेऊ नका.

पहिला भाग झाला की दुसऱ्यात फार खंड पडू देऊ नका. १८६५ ते १८७७ दोन्हीकडे सामाईक आहे. दुसऱ्यात मात्र १९१५ नंतरच्या काळाला ७० टक्के वजन, त्यामुळे तिथे सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करा आणि रेल्वे-पोलादवाल्यांचा काळ मागाहून भरून काढा.