पिल्लू क्रेटमध्येच शू-शी करतंय, काय करू?

यावेळी क्रेटबद्दलचीच, म्हणजे पिल्लाला झोपायला ठेवतात त्या पिंजऱ्याबद्दलचीच, पत्रं इतकी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: डॉक्टर, आमच्याकडे अडीच महिन्यांची लॅब्रॅडॉर आहे, चिकू. मोठी झाल्यावर परत खर्च नको म्हणून आधीच 42 इंची क्रेट घेतला. ती एका कोपऱ्यात झोपते, दुसऱ्या कोपऱ्यात शू करते आणि मग त्यातूनच फिरते, सगळे पाय माखतात. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, सकाळी 8 ला घर सोडतो, यायला संध्याकाळचे 7 होतात. सासरे म्हणतात शूमध्ये नाक घासा म्हणजे एका दिवसात शिकेल. रोज फिनाईल टाकून धुतो तरी वास जात नाही. ती हट्टी आहे का? (डोंबिवली)

उत्तर: हट्टी अजिबात नाहीये. अडीच महिन्यांच्या जिवाला शू धरून ठेवताच येत नाही तेवढा वेळ. साधा हिशोब असा, पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते दिवसा जास्तीत जास्त थांबू शकतं, म्हणजे चिकूचे झाले तीन-साडेतीन, आणि तेही झोपलेली असली तर, खेळून उठली असेल तर अर्ध्या तासातसुद्धा होते. तुम्ही 11 तास बाहेर. त्यामुळे आधी स्पष्टच सांगते, तुम्ही ऑफिसला असताना तिला क्रेटमध्ये बंद ठेवू नका, तो क्रेटचा उपयोगच नाही. तिला एक मोकळी जागा द्या, छोटी खोली किंवा जाळीचं प्लेपेन, त्यात क्रेट दार उघडं ठेवून एका टोकाला, पाणी त्याच्याजवळ, आणि लांबच्या टोकाला शूची जागा, ट्रेमध्ये पेपर किंवा शू पॅड. शिवाय दुपारी निदान दोनदा कोणीतरी यायलाच हवं, शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, कॉलेजला जाणारा एखादा भाचा. सासरे घरीच असतील तर सगळ्यात उत्तम, हे काम त्यांना मनापासून आवडेल बघा.

आता क्रेटचा आकार. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शू करायला लागतं, आपली झोपायची जागा स्वच्छ ठेवायची ओढ त्याच्यात असतेच. पण क्रेटमध्ये लांब जायला जागा असेल तर ते तिथेच लांब जाणार ना! चिकू तेच करतेय. तिला नीट उभं राहता येईल, गोल वळता येईल, पाय पसरून आडवं होता येईल इतकीच जागा हवी. बऱ्याच तारेच्या क्रेटबरोबर मधे लावायची जाळी येते, खोक्यात बघा, कुठेतरी पडलेली असेल, ती लावून मागचा भाग बंद करा आणि ती वाढेल तशी मागे सरकवा. जाळी नसेल तर पुठ्ठा लावू नका, ती खाऊन टाकेल, त्यापेक्षा ओळखीत कोणाकडे लहान क्रेट पडून असेल तर तो काही महिन्यांसाठी मागून घ्या. आणि ही छोटी केलेली जागा तुम्ही घरी असतानाच वापरायची, रात्री आणि दिवसाच्या लहानसहान झोपांसाठी.

बाहेर न्यायच्या वेळा ठरलेल्या असतात, झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर आणि क्रेटमध्ये ठेवायच्या आधी. खाणं पोटात गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास ही शीची वेळ. क्रेटचं दार उघडलं की तिला चालवत नेऊ नका, उचलून न्या, कारण दारापर्यंत जाता जाता मधेच बसते ती. जागेवर ठेवलं की गप्प उभं राहायचं, मोबाईल नाही, गप्पा नाहीत. शू झाली की लगेच, म्हणजे तिथल्या तिथे, खाऊ द्या आणि कौतुक करा, घरात येऊन दिलेला खाऊ कशाचा हे तिला कळत नाही. पाच मिनिटांत काही झालं नाही तर परत आणा पण मोकळं सोडू नका, मांडीवर घ्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या. तिचे इशारेही ओळखता येतात हो, चावत असलेलं खेळणं मधेच सोडते, नाक जमिनीला लावून गोल गोल फिरते, मागचा भाग जरा खाली जातो. क्रेटमध्ये असेल तर झोपेतून उठून बसते आणि पंजाने दार खरवडते, बारीक कुंकूं करते, ते कंटाळ्याच्या भुंकण्यापेक्षा वेगळं असतं, दोन दिवसांत कान ओळखतो. रात्री एक-दोनदा उठावंच लागेल या वयात. दिवा मोठा लावू नका, खेळू नका, शू करवून परत आत.

बाहेर म्हणजे सध्या सोसायटीच्या आवारात नाही. लसींचा कोर्स पूर्ण व्हायचाय, आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणारा जुलाब-उलट्यांचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. तोपर्यंत बाल्कनी किंवा जिथे दुसरी कुत्री येत नाहीत अशी गच्ची.

नाक घासायचं अजिबात नाही, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखवा. आधीच्या पिढीत सगळेच तसं करायचे, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की माणसांसमोर शू केली की मार पडतो, मग ते तुमच्यासमोर बाहेरही करत नाही, सोफ्यामागे जाऊन करतं.

फिनाईल बंद करा. त्याच्या वासाखाली शूचा वास तसाच राहतो, आपल्याला नाही आला तरी तिला येतो आणि ती जागा तिला शूची वाटते. वर ती ट्रे चाटते, पंजे चाटते, फिनाईल पोटात जातं. आधी कागदाने शू टिपून घ्या, साध्या पाण्याने धुवा, मग पेट शॉपमध्ये एन्झाइमवाला क्लीनर मिळतो तो टाकून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या आणि पुसा. तो नसेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, नंतर परत पाण्याने धुऊन ट्रे उन्हात. अमोनिया असलेले क्लीनर तर नकोच, त्यांचा वास शूच्याच जवळ जातो.

प्रश्न: आमचा शिह त्झू तीन महिन्यांचा, पेट शॉपमधून आणलाय. क्रेट लहानच आहे तरी तो आतच शी करतो आणि खुशाल त्यातच झोपतो. तुम्ही म्हणता कुत्रं झोपायची जागा घाण करत नाही, मग याचं काय? शी पातळ पण असते. सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी देतो. (कोथरूड, पुणे)

उत्तर: बिचाऱ्याला दुसरा पर्यायच मिळाला नसणार. बरीच पिल्लं दुकानात पिंजऱ्यात राहतात, तिथेच खातात, तिथेच करतात, आणि कशावर शू-शी करायची ही सवय साधारण त्याच वयात, आठ-नऊ आठवड्यांच्या आसपास, पक्की होत असते. त्याच्या पायाखाली तेव्हा जे होतं तेच त्याला संडास वाटतं. शिकेल तो, पण लॅबच्या पिल्लाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागेल, हे आधीच मनात धरून ठेवा म्हणजे चिडचिड होणार नाही.

काही दिवस क्रेटचं दार लावणं पूर्ण बंद. क्रेट फक्त जेवणाची जागा, वाटी आतच ठेवायची, दार उघडं, खाल्लं की बाहेर. आत पूर्वी पेपर घालत असाल तर काढून टाका आणि दुसरंच काहीतरी घाला, टॉवेल किंवा फ्लीसचं पांघरूण, म्हणजे पायाला वेगळं लागेल. शूच्या जागेवरही वेगळं, गवत किंवा मातीचा ट्रे. दिवसभर तो नजरेसमोर हवा, कमरेला लीश बांधून ठेवलात तरी चालेल. आठवडाभर आत काही केलं नाही की मग दार थोडा थोडा वेळ लावायला सुरुवात करा.

पण त्याहून आधी पातळ शीचं बघा, कारण पातळ झाली तर मोठा माणूसही थांबवू शकत नाही. दूध आजपासून बंद. दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना त्यातली साखर पचत नाही. पिल्लांचं खाणं, तीन वेळा विभागून, ठरलेल्या वेळी, आणि जे उरेल ते वीस मिनिटांनी उचलायचं. ताजी शी डबीत घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा, जंत, जिआर्डिया, कॉक्सिडिया (हे दोन आतड्यातले सूक्ष्म परजीवी) हे सगळं दुकानातल्या पिल्लांमध्ये नेहमी सापडतं. जंताचं औषध या वयापर्यंत दर 15 दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला द्यायचं असतं, कार्डवर किती झालेत ते बघा. शीत रक्त, उलट्या, खाणं सोडलंय असं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका, त्याच तासाला न्या.

शी लागलेले मागचे लांब केस कापून घ्या. त्या केसांत ओल राहून खालची कातडी लाल होते, आग होते, आणि मग तो बसायलाही नको म्हणतो.

प्रश्न: नागपूरला आता 45 च्या वर जातंय. पिल्लाला क्रेटमध्ये ठेवलं की जीभ बाहेर काढून धापा टाकतं. वरून ओला टॉवेल टाकला तर चालेल का? पाणी प्यायलं की शू करतं म्हणून दुपारी पाण्याची वाटी काढून घेतो. (नागपूर)

उत्तर: वाटी आधी परत ठेवा, प्लीज. उन्हाळ्यात विदर्भात पिल्लाचं पाणी तोडणं जिवावर बेतू शकतं. जास्त पिईल, जास्त शू करेल, तर तुम्ही जास्त वेळा बाहेर न्या, इतकंच. वाटी सांडते ही अडचण असेल तर क्रेटच्या गजाला अडकवायची स्टीलची वाटी मिळते. रात्री झोपायच्या तासभर आधी थोडं कमी दिलं तर ठीक, दिवसा कधीच नाही.

ओला टॉवेल वरून टाकून चारही बाजू झाकल्या तर आत वाफ कोंडते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि दमट कोंडलेल्या हवेत त्या धापांचा काही उपयोग होत नाही. क्रेट खिडकीच्या उन्हातून काढा, घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर ठेवा, आतली गादी काढून पातळ सुती चादर घाला, त्याला वाटलं तर तो ती बाजूला ढकलून गार ट्रेवर झोपेल, झोपू द्या. कूलर चालेल पण खिडकी उघडी हवी, आणि झोत तिरका, नाहीतर अंथरूण ओलं होऊन तेच अंगाला लागून राहतं. लाईट जायची भीती असेल आणि घरात कोणी नसेल तर दार बंद करून जाऊ नका.

जीभ रुंद होऊन लोंबतेय, लाळ चिकट झालीय, हिरड्या गडद लाल, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर पोटावर, पायांवर साधं पाणी टाका, बर्फाचं नको, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरकडे न्या. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच 38.3 ते 39.2 सेल्सिअस असतं, 40.5 च्या पुढे गेलं की ती इमर्जन्सी. पग वगैरे चपट्या नाकाचं असेल तर याच्याही आधी सावध व्हा.

प्रश्न: पावसाळा तोंडावर आलाय. आईने पिल्लासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीय, क्रेटमध्ये तीच घालतो पण धुतली की दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. डांबराच्या गोळ्या खाली ठेवल्या तर? गोचीडही होतात. (चिपळूण)

उत्तर: डांबराच्या गोळ्या नकोत, कुठेच नकोत, अगदी पिल्लाचे कपडे ठेवता त्या कपाटातही नकोत. कुत्र्यासाठी त्या विषारी आहेत आणि पिल्लू गोळी दिसली की तोंडात घालणारच.

आईंची गोधडी कोरड्या दिवसांसाठी ठेवा, किती प्रेमाने शिवलीय. पण तिच्या थरांमध्ये शू मुरते आणि कोकणातल्या पावसात ती आतून वाळतच नाही. पावसाळ्यात एकेरी सुती चादरी किंवा जुने टॉवेल, चार-पाच जोड, एक आत, एक धुण्यात, बाकी वाळत. दमट राहिली तर गरम इस्त्री फिरवून मगच आत घाला. क्रेट ओल आलेल्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि खाली दोन लाकडी पट्ट्या, ट्रेखाली हवा खेळायला हवी. बाहेरून आलं की पोट आणि बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करा, मग आत. पावडरी, अत्तरवाले फवारे काही नको, अंग कोरडं असलं की वास येत नाही.

गोचीड क्रेटच्याच सांध्यात, बिजागरीत, ट्रेच्या कडेखाली लपून अंडी घालतात, एक मादी हजारोंनी घालते, म्हणून नुसते अंगावरचे काढून भागत नाही. पिल्लाला बाहेर ठेवून तारेचा क्रेट अंगणात न्या, सांध्या-सांध्यावर उकळतं पाणी ओता, ब्रशने घासा, दर आठवड्याला. गोणपाट खाली घालू नका, त्यात हमखास लपतात. गुरांसाठी आणलेलं गोचीडाचं औषध पिल्लाला लावायचं नाही, वजनाप्रमाणे काय द्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

प्रश्न: आमचं कारवानचं पिल्लू, मऊ गादी दिली की भिजवतं, काढली तर कोपरं सोलवटतात. (लातूर)

उत्तर: कारवान ही सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात, अंगावर चरबीच नसते, हाडं थेट ट्रेला टेकतात, त्याला गादी हवीच. गादीवर लहान बाळासाठी वापरतात ते मेणकापड घट्ट शिवून घ्या, वरून चादर, म्हणजे भिजली तरी चादरच बदलायची. मेणकापड कुरतडायला लागलं तर मात्र लगेच काढा, तुकडे पोटात जातील. आणि क्रेटमध्ये ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, जाळीत अडकतो.

प्रश्न: आमची देशी पाच महिन्यांची, दोन महिने क्रेट अगदी स्वच्छ होता, गेल्या आठवड्यापासून परत आत शू करते, थोडी थोडी, दिवसातून कितीतरी वेळा. मुद्दाम करते का? (ठाणे)

उत्तर: मुद्दाम नाही, बहुतेक तिला दुखतंय. शिकलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब करायला लागलं, सारखं खाली चाटत असेल, शू करताना जोर लावत असेल तर आधी युरिन इन्फेक्शनचा विचार करायचा, माद्यांमध्ये ते जास्त दिसतं. सकाळची पहिली शू धुतलेल्या पसरट वाटीत धरा, ती बसली की मागून हळूच वाटी सरकवायची, सुरुवातीचे थेंब सोडून, आणि दोन तासांच्या आत लॅबला पोचवा. पाणी भरपूर द्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत क्रेटचं दार उघडंच ठेवा, तिला सारखं जावं लागणार.