मॉडेस्टी ब्लेझची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचावीत, आणि मुंबईत जुन्या प्रती कुठे शोधाव्यात?

१९६५ साली आलेल्या 'मॉडेस्टी ब्लेझ' या पहिल्या कादंबरीपासूनच सुरुवात करा, मग 'सेबर-टूथ' आणि 'आय, ल्युसिफर'. मी तेराही पुस्तकं (११ कादंबऱ्या, २ कथासंग्रह) वाचली आहेत, त्यावरून सांगतो: स्वतःची गुन्हेगारी टोळी मोडून श्रीमंत होऊन निवृत्त झालेली मॉडेस्टी ही बाई ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या सर जेराल्ड टॅरंटच्या सांगण्यावरून हेरगिरीत कशी येते, हे पहिल्यातच आहे. तिचा साथीदार विली गार्विन याच्याशी तिचं नातंही तिथेच कळतं. प्रेमप्रकरण नाही, पण एकमेकांसाठी जीव द्यायची तयारी. लेखक पीटर ओ'डॉनेलने हे नातं इतकं जपून लिहिलंय की मला तरी मालिकेतलं सर्वांत मोलाचं तेच वाटतं. मधली पुस्तकं मागेपुढे झाली तरी चालतील. 'कोब्रा ट्रॅप' (१९९६) हा कथासंग्रह मात्र शेवटीच वाचा. त्यातली अखेरची कथा आधी वाचलीत तर बाकीच्यांवर सावली पडते.

जुन्या प्रतींसाठी फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे पुस्तकवाले बघा. हवं ते एका फेरीत मिळेलच असं नाही, म्हणून नावांची यादी खिशात ठेवा. १९६३ पासून वर्तमानपत्रात आलेली मॉडेस्टीची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) वेगळी, तिचा क्रम यात मिसळू नका.