होस्टिंगवरची फाइल व्हिज्युअल एडिटरमध्ये उघडण्याआधी

तुमची अडचण मला समजली ती अशी. साइट दुसऱ्या कुणीतरी बनवून दिली आहे आणि तुम्हाला कोड येत नाही. संपर्काच्या पानावरचा फोन नंबर आणि दोन परिच्छेद एवढंच बदलायचं होतं. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून पान व्हिज्युअल एडिटरमध्ये, म्हणजे कोड न दाखवता पान दिसतं तसंच बदलू देणाऱ्या एडिटरमध्ये, उघडलंत, नंबर बदललात, सेव्ह केलंत. आता वरचा मेनू गायब आहे आणि पानात मध्येच कोडचे तुकडे दिसताहेत. म्हणून विचारताय, की याहून चांगला व्हिज्युअल एडिटर कोणता?

एडिटरच्या नावाकडे नंतर येतो. आधी त्या फाइलवर पुन्हा सेव्ह दाबू नका. पॅनेलमध्ये बॅकअपचा विभाग असेल तर तिथून, नाहीतर होस्टिंगच्या सपोर्टला सांगून, बिघडण्याआधीची तेवढी एकच फाइल परत मिळवा. पूर्ण साइट रिस्टोअर करायला सांगू नका. तसं केलंत तर मधल्या काळात साइटवर जे काही जमा झालं असेल, तेही जाईल.

आता झालं काय ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. फोन नंबर बदलताना आपण फाइलमधली एक ओळ बदलतोय असं वाटतं. व्हिज्युअल एडिटर तसं काम करत नाही. तो ब्राउझरसारखा सगळा कोड वाचतो आणि पानाची रचना स्वतःच्या मेमरीत उभी करतो. तुम्ही बदल करता तो या रचनेत. सेव्ह दाबलं की त्या रचनेवरून पूर्ण कोड नव्याने लिहिला जातो आणि जुन्या फाइलच्या जागी बसतो. बदललात एक नंबर, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फाइल नवी असते. एडिटरला जे समजलं नाही ते त्यात गळतं किंवा वेगळ्या रूपात उतरतं.

कोडचे तुकडे दिसताहेत त्यावरून तुमचं पान पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं असणार. पीएचपीचा भाग कोनी कंस आणि प्रश्नचिन्ह (<?) या जोडीने सुरू होतो. तो सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावर, चालतो, ब्राउझरपर्यंत कधी पोचतच नाही. पण एडिटरकडे मूळ फाइल जाते. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या नियमांप्रमाणे ही जोडी दिसली की तो भाग कॉमेंट, म्हणजे पानावर न दिसणारी टीप, धरायचा असतो, आणि पुढे पहिला बंद कोनी कंस येईल तिथे ती कॉमेंट संपली असं मानायचं असतं. मेनू बहुतेक दुसऱ्या फाइलमधून इन्क्लूडच्या ओळीने येत होता. त्या ओळीची कॉमेंट झाली, मेनू गेला. कोडचे तुकडे येतात ते पीएचपीतल्या बाणामुळे. हा बाण वजाचिन्ह आणि बंद कोनी कंस मिळून बनतो. एडिटरने कॉमेंट तिथेच संपवली आणि बाणापुढचा कोड पानावरचा मजकूर म्हणून बाहेर पडला. तो टेबलाच्या आत असेल तर उचलून टेबलाच्या वरही टाकला जातो. म्हणून तुकडे भलत्याच जागी दिसतात.

यात एक गोष्ट गंभीर आहे. कॉमेंट झालेला पीएचपी कोड आता सर्व्हरवर चालत नाही, तो जसाच्या तसा ब्राउझरकडे जातो. पानावर दिसला नाही तरी 'व्ह्यू पेज सोर्स' केलं की कुणालाही वाचता येतो. त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असेल तर तो उघड झाला असं धरून बदला. डेटाबेसचा पासवर्ड बदलला की साइटची सेटिंग असलेल्या कॉन्फिग फाइलमध्येही तोच बदलावा लागतो, हे विसरू नका.

पीएचपी फाइल अर्धवट असणं हाही एक सापळा आहे. काही टॅग (कोनी कंसांतल्या खुणा) हेडरच्या, म्हणजे पानाच्या वरच्या भागाच्या, फाइलमध्ये उघडतात आणि फुटरच्या, म्हणजे तळाच्या भागाच्या, फाइलमध्ये बंद होतात. सुटी फुटर फाइल व्हिज्युअल एडिटरमध्ये उघडली की त्याला ती मोडकी वाटते. मग तो राहिलेले टॅग घालतो, जास्तीचे काढतो. ती फाइल साइटच्या प्रत्येक पानाला जोडलेली असते, त्यामुळे मांडणी सगळीकडे बिघडते.

व्हिज्युअल एडिटर कोड बिघडवतात का, हा वाद जुना आहे. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये फ्रंटपेज हे व्हिज्युअल एडिटरचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि कोड न लिहिता साइट बनवणाऱ्यांची मोठी सोय झाली, पण ते हाताने लिहिलेला कोड आपल्या पद्धतीने बदलतं ही तक्रार त्याच्यामागे कायम राहिली. १९९७ मध्ये आलेल्या ड्रीमवीव्हर या दुसऱ्या एडिटरची जाहिरातच होती की तुमच्या कोडला धक्का लागणार नाही. पीएचपीसारख्या ठरावीक एक्स्टेन्शनच्या (नावातल्या टिंबापुढच्या भागाच्या) फाइलींतला कोड पुन्हा लिहायचा नाही, असं त्याच्या सेटिंगमध्ये सांगता येतं. त्यामुळे सगळ्या व्हिज्युअल एडिटरना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. कोम्पोझर हा एडिटर मोफत म्हणून अजूनही सुचवला जातो, मात्र तो एचटीएमएल ५ रुळण्याआधीचा आहे. आजच्या पानांसाठी तो घेऊ नका.

एडिटर पारखायची माझी पद्धत सोपी आहे. एका पानाची प्रत घ्या, एडिटरमध्ये उघडा, एकच शब्द बदला, सेव्ह करा. मग मूळ फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक बघा. व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये दोन फाइली निवडून कम्पेअर करता येतात, तशाच नोटपॅड प्लस प्लस या एडिटरला त्यासाठी प्लगइन आहे. फरक एका ओळीत दिसला तर एडिटर भरवशाचा. शंभर ओळी रंगल्या तर त्या साइटसाठी तो नको, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

तुमच्या कामासाठी मी वरच्या दोघांसारखा साधा कोड एडिटरच सांगेन, आणि घाबरू नका, कोड शिकावा लागत नाही. फाइल आपल्या संगणकावर उतरवा आणि तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. शोधा म्हणजे फाइंड वापरून जुना नंबर टाका. कर्सर नेमका तिथे जाईल. कोनी कंसांच्या बाहेरचा मजकूर तेवढा बदला आणि कंसांच्या आतलं तसंच ठेवा. नंबरवर टिचकी मारली की कॉल लागत असेल तर तोच नंबर दुव्यातही असतो, तेवढी एक जागा कंसाच्या आत बदलावी लागेल. सेव्ह करा, कम्पेअर करा, मग वर चढवा. चढवताना फाइली पाठवायच्या साध्या एफटीपी पद्धतीऐवजी सुरक्षित एसएफटीपी वापरा, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. पान जुनंच दिसलं तर कंट्रोल आणि एफ५ दाबून पुन्हा लोड करा.

जुनी फाइल सर्व्हरवरच नाव बदलून ठेवायची सवय अनेकांना असते. शेवटी ओल्ड किंवा बॅक (.old, .bak) जोडतात आणि ती पब्लिक एचटीएमएल या सगळ्यांना खुल्या फोल्डरमध्येच राहते. असं एक्स्टेन्शन लागलं की सर्व्हर तिला सहसा पीएचपी मानत नाही, त्यामुळे पत्ता ओळखणाऱ्याला आतला सगळा कोड वाचता येतो. प्रती त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा.

आपल्या मराठी मजकुरासाठी एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये बाइटच्या रूपात साठवायच्या पद्धतीचा, मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तीन बाइटचं असतं. एडिटरने फाइल दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये उघडली तर एकेका अक्षराच्या जागी दोनतीन परकी चिन्हं दिसतात. अशा वेळी काही न बदलता एडिटर बंद करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा. मजकूर शाबूत असतो. पण तसंच सेव्ह केलंत आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर मूळ अक्षरं फाइलमधून गेलेली असतात आणि ती फक्त बॅकअपमधूनच मिळतात. सी-पॅनेल या होस्टिंग पॅनेलचा फाइल मॅनेजर उघडतानाच एन्कोडिंग विचारतो, ती खिडकी न वाचता पुढे जाऊ नका. पीएचपी फाइल 'बीओएमसह यूटीएफ-८' मध्येही सेव्ह करू नका. बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. ते आधीच ब्राउझरकडे जातात आणि हेडर (इथे, पानाआधी पाठवायच्या सूचना) पाठवून झाले आहेत अशी चूक दिसू लागते.

साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या प्रणालीवर असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे पानांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, फाइल शोधून उपयोग नाही. बदल डॅशबोर्डमधूनच करा. तिथला व्हिज्युअल एडिटर त्याच मजकुरासाठी बनवलेला आहे, तो निश्चिंत वापरा. थीमच्या (साइटच्या रूपाच्या) फाइलींत थेट केलेले बदल मात्र पुढच्या अपडेटमध्ये पुसले जातात, त्यासाठी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बसणारी वेगळी थीम, लागते.

व्हिज्युअल एडिटर तुम्हाला हवाच असेल तर नव्या मजकुरासाठी वापरा. रिकाम्या पानावर परिच्छेद, यादी, टेबल मनासारखं मांडा, मग त्याच्या कोडमधला तेवढाच तुकडा उचलून खऱ्या फाइलमध्ये जागेवर चिकटवा. वर्डमधून आणलेला मजकूर आधी साधा मजकूर म्हणून पेस्ट करा, नाहीतर वर्डची स्टाइल बरोबर येते. चित्र टाकलंत तर त्याचा पत्ता तपासा. तो तुमच्या संगणकाच्या सी ड्राइव्हचा असेल तर चित्र फक्त तुमच्या एडिटरमध्ये दिसेल, साइटवर नाही. लिनक्स सर्व्हरवर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही वेगळी धरली जातात, म्हणून पत्त्यात चित्राचं नाव फाइलच्या नावासारखंच हुबेहूब लिहा.

फाइल परत मिळाली आणि जुना नंबर तिच्यात सापडलाच नाही, तर तो फुटरच्या फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये असेल. आधी फुटरची फाइल उतरवून तिच्यात शोधा. तिथेही नसेल तर पानाची पीएचपी फाइल, पासवर्डच्या ओळी काढून, इथे टाका. नंबर कुठून येतो ते बघून सांगतो.