७८ लाखांचा फ्लिक आणि मास्क लावून धावणारा

गेल्या अंकात हॉकी इंडिया लीगच्या लिलावाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. ड्रॅगफ्लिक, म्हणजे चेंडू काठीने ओढत गोलात भिरकावणं, मारणाऱ्याला मिळणारी किंमत मला कळते, पण तो फ्लिक अडवायला धावणाऱ्याची किंमत कोणी नीट करत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. कोकणात हॉकीवर इतके लोक भांडतात हे बघून फार बरं वाटलं. चार पत्रांना इथे उत्तर देते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र संध्याकाळी बंदरावरच्या टपरीवर चहाला बसतो. एक म्हणतो, ड्रॅगफ्लिक मारणाऱ्या हरमनप्रीतचे ७८ लाख योग्यच. दुसरा म्हणतो, खरा खेळ मधल्या फळीतल्या हार्दिक सिंगचा, त्याला जास्त मिळायला हवे होते. तिसऱ्याचे म्हणणे, गोलकीपर नसेल तर दोघेही शून्य, मग त्याला ३२ लाखच का? मी मधे अडकलो आहे. बाई, आता तुमीच काय ता सांगा. (एक वाचक, देवगड)

तिसऱ्याची बाजू घ्यायचा मोह होतोय, पण आधी आकडे बघू. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीतला सूरमा हॉकी क्लबने ७८ लाखांना घेतलं. अभिषेक ७२ लाखांना गेला आणि हार्दिक ७० लाखांना. परदेशी खेळाडूंत सगळ्यात महाग ठरला जर्मनीचा ड्रॅगफ्लिकर गोन्झालो पेइलाट, ६८ लाख. आयर्लंडचा गोलकीपर डेव्हिड हार्टे ३२ लाखांना गेला. तुमच्या मित्राने हाच आकडा धरलाय.

लिलावातला आकडा म्हणजे खेळाडूची गुणवत्ता नव्हे. त्या मिनिटाला दोन संघांना एकच माणूस किती हवा होता आणि दोघांच्या थैलीत किती उरलं होतं, एवढंच तो आकडा सांगतो. त्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला ४ कोटींची मर्यादा होती आणि खेळाडू घ्यायचे होते २४. एकावर ७८ लाख गेले की उरतात ३ कोटी २२ लाख, ते उरलेल्या २३ जणांत. भागून बघा, डोई बरोबर १४ लाख येतात. गोलकीपर एका वेळी एकच खेळतो, दुसरा बाकावर बसतो. म्हणून संघ तिथे हात आखडतो. हे गणित चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

आणि ड्रॅगफ्लिक सामना जिंकून देतो, हेही खरं. १ फेब्रुवारी २०२५ चा अंतिम सामना आठवा. बंगाल टायगर्सनी हैदराबाद तुफान्सना ४-३ ने हरवलं. सात गोलांपैकी तीन ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंगचे आणि दोन पेइलाटचे. पहिल्या मित्राला सांगा, तुझं म्हणणं पटलं.

पण आता पॅरिसला चला. ४ ऑगस्ट २०२४, रविवार, ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. आमच्याकडे सकाळपासून पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, मी पडवीत मोबाइलवर बघत होते. १७ व्या मिनिटाला आपला बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना आपण दहा जणांत खेळलो, १-१ वर तो सोडवला आणि शूटआउटमध्ये गोलकीपर श्रीजेशच्या जोरावर ४-२ ने जिंकलो. श्रीजेशवर सगळे बोलले, बोलायलाच हवं होतं. पण रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली आणि ६ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात तो नव्हता.

रोहिदास काय करतो हे टीव्हीवर नीट दिसत नाही. गोलजवळ बचावाची चूक झाली की समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो. त्या वेळी गोलकीपर धरून पाचच बचावपटू गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. चेंडू आत ढकलला गेला रे गेला की त्या पाचांतला एक सरळ फ्लिकरच्या अंगावर धावत सुटतो. याला फर्स्ट रशर म्हणतात. तोंडाला मास्क, गुडघ्यांना पॅड, हातात जाड ग्लोव्ह. हातात वेळ असतो सेकंद-दीड सेकंदाचा. समोरून १५६ ते १६३ ग्रॅमचा टणक चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने येतो आणि याला बाजूला व्हायचं नसतं. याने काठी किंवा अंग मधे घालायचं, निदान फ्लिकरचा एक कोपरा बंद करायचा, म्हणजे गोलकीपरला एकाच बाजूचा विचार करावा लागतो. रोहिदास भारताचा पहिल्या पसंतीचा रशर. तो नसलेल्या त्या सामन्यात १८ व्या मिनिटाला जर्मनीने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. मारणारा होता पेइलाट. आपण २-३ ने हरलो. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असं छातीठोकपणे कोण सांगणार? पण मी त्या रात्री झोपले नाही.

दोन महिन्यांनी लिलावात पेइलाटला ६८ लाख आणि रोहिदासला ४८. या वीस लाखांच्या फरकावर तुम्ही चौघांनी वाद घाला. माझ्या मते तो फरक निम्मा हवा होता.

हे मी इतकं जिवाला लावून का सांगते? विद्यापीठाच्या संघात मी राइट हाफ होते आणि माझी मैत्रीण फर्स्ट रशर. तेव्हा मास्क नव्हता, ग्लोव्ह तर दूरच. एका सामन्यात तिने सलग तीन कॉर्नर अडवले आणि तिसऱ्याला मनगटावर चेंडू बसला. मनगट टम्म सुजलं. आम्ही मासळी बाजारातून बर्फ आणला, टॉवेलात गुंडाळून तिच्या हाताला बांधला, आणि एसटीत पूर्ण रस्ताभर ते खारं पाणी तिच्या फ्रॉकवर ठिबकत होतं. सामना आम्ही १-० ने जिंकला होता. उत्कृष्ट खेळाडूचा चषक गोल करणारीला दिला गेला. त्या मुलीने एसटीत तो चषक माझ्या मैत्रिणीच्या मांडीवर ठेवला, पण स्कोअरशीटवर मैत्रिणीचं नाव कुठेच नव्हतं.

तेव्हापासून मी शाळेच्या सामन्यांना वही घेऊन बसते. रकाने चार : चेंडू हिसकावला, चेंडू गमावला, डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) पास दिला, कॉर्नरला धावली. तुम्ही पुढचा सामना बघाल तेव्हा कागदाच्या तुकड्यावर एवढंच करून बघा. हार्दिकची बाजू घेणाऱ्या मित्राला त्याचं उत्तर पहिल्या दोन रकान्यांत मिळेल. आणि मग मला पत्र लिहा.

प्रश्न : पुरस्कारांवर माझा विश्वास उरलेला नाही. २०२१ साली हॉकीचे जागतिक पुरस्कार सगळे भारताला मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण मनात खटकलेच. आणि ज्या धनराज पिल्लेने १९९८ साली एशियाड जिंकून दिले, त्याला पुढच्याच दौऱ्यात घरी बसवले. मग पुरस्कार म्हणजे काय समजायचे? (निवृत्त शिक्षक, सावंतवाडी)

गुरुजी, तुम्हाला खटकलं ते योग्यच. टोकियोत सुवर्ण जिंकलं बेल्जियमने, आपलं कांस्य. ४१ वर्षांनी आलेलं ते कांस्य मला सोन्याहून प्रिय आहे. तरी आठही पुरस्कार भारताकडे यावेत आणि बेल्जियमला एकही नाही, हे हॉकी ओळखणाऱ्या कोणालाही पटण्यासारखं नव्हतं. बेल्जियमने उघड नाराजी व्यक्त केली. तेव्हा राष्ट्रीय संघटनांच्या मतांना ५० टक्के वजन होतं, उरलेलं निम्मं-निम्मं पत्रकारांना आणि चाहते-खेळाडूंना. आपल्या देशात चाहते अफाट, आपण भरभरून मतं दिली. दुसरीकडे कित्येक देशांच्या संघटनांनी मतदानच केलं नाही. पुढच्या वर्षी पद्धत बदलली आणि सगळ्यात मोठा, ४० टक्क्यांचा वाटा तज्ज्ञांच्या समितीला दिला.

आणि लक्षात घ्या, पद्धत बदलल्यावरही २०२२ मध्ये हरमनप्रीत पुन्हा सर्वोत्तम ठरला, श्रीजेशही सर्वोत्तम गोलकीपर ठरला. २०२४ ला पुन्हा दोघेही. पॅरिसमध्ये हरमनप्रीतने १० गोल केले, स्पर्धेत सर्वाधिक. तेव्हा २०२१ चे पुरस्कारही त्या दोघांना उगीच मिळाले असं म्हणता येणार नाही. मला वाद घालायचा आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. या पुरस्कारांत गोलकीपरचा वेगळा वर्ग आहे, उगवत्या खेळाडूचा आहे, प्रशिक्षकाचाही आहे, पण बचावपटूचा नाही. हरमनप्रीत बचावपटू म्हणूनच खेळतो, पण त्याचं नाव होतं ते गोलांमुळे. नुसतं अडवणाऱ्याला त्या यादीत शिरायला दार नाही.

धनराजबद्दल लिहिताना आजही माझा हात थरथरतो. खडकीचा मुलगा, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. बँकॉकला ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आलं, तो कर्णधार. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक अडवणारा गोलकीपर आशिष बल्लाळ. दोघांनाही, आणखी काही ज्येष्ठांसह, लगेचच्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत घेतलं नाही. त्या संघाने पैशांबद्दल, सोयींबद्दल तोंड उघडलं होतं. त्यानंतर धनराजला खेलरत्न मिळालं, पद्मश्री मिळाली. पुरस्कार मिळाला म्हणून झालेला अन्याय पुसला गेला, असं मी कधीच मानणार नाही. त्यांना हवं होतं ते करारात, लेखी : दिवसाचा भत्ता किती, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, संघाबाहेर काढलं तर कारण कोण सांगणार. गुरुजी, चषकापेक्षा त्या कागदासाठी आपण चाहत्यांनी ओरडायला हवं होतं. आम्ही ओरडलो नाही.

प्रश्न : ऋषभ पंतला २७ कोटी आणि हरमनप्रीतला ७८ लाख. लाज वाटत नाही का आपल्याला? (एक तरुण वाचक, चिपळूण)

मला लाज नाही वाटत, वाईट वाटतं. आयपीएलचा पैसा प्रक्षेपणातून आणि जाहिरातीतून येतो. हॉकी लीग २०१७ नंतर सात वर्षं बंदच होती, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. तू राउरकेलाला झालेल्या लीगचे किती सामने पूर्ण बघितलेस ते आधी सांग.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. शाळेत हॉकी खेळते. तिने हॉकीच्या लिलावात उदिताला ३२ लाख मिळाल्याचे वाचले आणि आता अभ्यास नको, हॉकीच करणार म्हणते. आम्ही बागायतदार, थोडी कलमं आहेत, बाकी काही नाही. तिला थांबवू की नको? (एक आई, नेवरे)

ताई, थांबवू नका. पण ३२ लाखांवर घर बांधू नका.

उदिता दुहानची गोष्ट मुलीला पूर्ण सांगा. ती हरियाणाची. आधी हँडबॉल खेळायची, मग हॉकीत आली. फॉरवर्ड होती, तिथून बचावात आली आणि कॉर्नर मारायला शिकली. एकदम लिलावात जाऊन बसली नाही. त्या लिलावात महिलांच्या संघाला मर्यादा होती २ कोटींची, पुरुषांच्या निम्मी. माझ्या मुली तो आकडा वाचतात तेव्हा मला काय होतं ते मी लिहू शकत नाही. पायाभूत किमती होत्या २, ५ आणि १० लाख. बऱ्याच जणी २ लाखांच्या रांगेत उभ्या होत्या. आणि लीग चालते काही आठवडे. उरलेलं वर्ष ज्यावर निघतं ती असते नोकरी : रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या, बँका. भारतीय संघातल्या बहुतेक जणांची चूल अशाच नोकरीवर पेटते. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक स्तराची प्रमाणपत्रं लागतात आणि शिक्षणही लागतं. म्हणून अभ्यास सोडायचा नाही, हे तिला माझं नाव घेऊन सांगा.

पहिल्या इयत्तेपासूनचं प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवा. आमच्या एका मुलीची दोन प्रमाणपत्रं पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने गेली, अक्षरं पुसली, आणि दुसरी प्रत मिळवताना आम्हाला आठ महिने हेलपाटे पडले.

मैदानाचं म्हणाल तर आपल्याकडे जांभ्याची लाल माती. चेंडू उडतो, काठीचं टोक महिन्यात घासून जातं. विभागीय सामन्यांना मुलं कोल्हापूरला जातात आणि पहिल्यांदा टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, बघतात, तेव्हा पहिली दहा मिनिटं त्यांना चेंडू सापडतच नाही, इतका तो वेगाने सरकतो. पण मातीवर शिकलेली मुलगी उडता चेंडू हाताळायला शिकते, ते वाया जात नाही. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ भारतीय संघापर्यंत पोचल्या, आपल्यासारख्याच खेड्यांतून. पुण्याच्या बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथे निवासी प्रशिक्षण मिळतं. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन निवड चाचणीची तारीख विचारा, फोनवर नको, स्वतः जा.

शिनगार्ड आणि दात वाचवणारं माउथगार्ड याशिवाय तिला मैदानात उतरू देऊ नका, मग शाळेतलं कोणी काहीही म्हणो. बुटांचे पैसे वाचवले तर चालतील, हे वाचवू नका.

मी अजून दर शनिवारी सकाळी साडेसहाला रत्नागिरीत मुलींचा सराव घेते. जोराचा पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात नुसती काठी धरायला शिकवते. नेवऱ्याहून पहिल्या गाडीने निघालात तर वेळेत पोचाल. काठी विकत घेऊ नका, माझ्याकडे सहा आहेत, तिच्या उंचीची एक नक्की निघेल. आणि तिला विचारून ठेवा, कॉर्नरला फ्लिक मारायला आवडेल की धावायला. धावायला म्हणाली तर मास्क मी आणून ठेवते.