वाचक विचारतात : मार्चमधलं पॉइंट टेबल कसं वाचायचं?

प्रश्न (लातूर) : पुतण्या स्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरीला आहे, तिथल्या क्लबकडून फुटबॉलची बेत्सिर्क्सलीगा, म्हणजे विभागीय लीग, खेळतो. मार्चमध्ये त्यांचा संघ खालून चौथा आहे. खालच्या लीगमध्ये जाणार का, विचारलं तर म्हणतो, ‘जूनपर्यंत काही खरं नाही.’ असं कसं?

उत्तर : पोरगा खरं सांगतोय. बुंडेसलीगा या जर्मनीतल्या सर्वात वरच्या लीगपासून मोजलं तर त्या भागात बेत्सिर्क्सलीगा ही आठवी पायरी. तिच्या खाली क्राइसलीगा. खाली किती संघ जाणार हे वरच्या लीगांवर अवलंबून असतं. समजा, लीगमध्ये १६ संघ आहेत. पहिला वर गेला, उरले १५. खालच्या तीन गटांचे विजेते वर आले, झाले १८. वरून एक संघ घसरला तर १९, म्हणजे तिघांना जावं लागेल आणि पुतण्याचा संघ वाचेल. वरून दोन आले की चौघे जाणार, त्यात तुमचा पुतण्याही.

वरून एक येणार की दोन, हे त्याच्याही वर ठरतं. तिसऱ्या लीगमधून दरवर्षी चार संघ घसरतात. चौथ्या पायरीवरच्या पाच रेगिओनाललीगांपैकी कुठे जायचं, हे त्या संघाच्या गावावरून ठरतं. एखाद्या वर्षी दोघं-तिघं नैऋत्येचेच, म्हणजे स्टुटगार्टच्याच बाजूचे निघाले की तो धक्का खालपर्यंत पोचू शकतो. आपण एकही सामना हरलो नाही तरी घसरणीची रेघ एक घर वर सरकते! नियमाला धरून आहे, पण ज्याला भोगावं लागतं त्याला पटत नाही.

दुसरी भानगड थंडीची. हंगाम कागदोपत्री १ जुलै ते ३० जून. डिसेंबर ते फेब्रुवारी सुट्टी असते, पण त्याआधी आणि नंतरही मैदान गोठलेलं किंवा चिखलाचं असलं की बंद. बहुतेक मैदानं गावच्या पालिकेची, त्यामुळे गवत वाचवायला पालिकाच कुलूप लावते. राहिलेले सामने एप्रिल-मेमध्ये आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी होतात आणि शिफ्टवाले खेळाडू नेमके तेव्हाच कामावर असतात.

म्हणून मार्चमध्ये गुणांपेक्षा गमावलेले गुण मोजा. विजयाला ३ गुण. १८ सामन्यांत २७ गुण म्हणजे ५४ पैकी २७ गेले. १६ सामन्यांत २४ गुण म्हणजे ४८ पैकी २४ गेले. टेबलात दुसरा संघ खाली दिसतो, पण स्थिती त्याचीच बरी.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मुलगा आउसबिल्डुंगसाठी (काम करत घ्यायचं व्यवसाय प्रशिक्षण) जर्मनीला चाललाय. इथे क्लबकडून खेळायचा. तिकडे लगेच खेळता येईल?

उत्तर : सराव करता येईल, लीगचा सामना खेळता येणार नाही. आधी क्लबचं सभासदत्व घ्यायचं, वर्गणी भरायची. मग क्लब त्याच्या खेळण्याच्या परवानगीसाठी अर्ज करतो. पासपोर्टची प्रत, राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला आणि फोटो तयार ठेवा. याआधी परदेशात नोंदणी होती का, हा रकाना महत्त्वाचा. भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएसमध्ये (खेळाडूंच्या केंद्रीय नोंदणीत) नाव असेल तर ‘हो’ लिहा. मग जर्मन महासंघ इथून ना-हरकत मागवतो. घाईत ‘नाही’ लिहिलं आणि नंतर उघड झालं तर परवानगी अडचणीत येते. परवानगी नसलेला खेळाडू उतरवला तर जिंकलेला सामनाही विरोधी संघाला बहाल होऊ शकतो.

पुढे क्लब बदलायचा झाला तर ३० जूनपर्यंत जुन्या क्लबातून नाव काढायचं आणि ३१ ऑगस्टपर्यंत नवे कागद पोचवायचे. हिवाळ्यात याच तारखा ३१ डिसेंबर आणि ३१ जानेवारी.

प्रश्न (नांदेड) : या लीगमध्ये पैसे मिळतात का?

उत्तर : क्राइसलीगात बहुतेकांचे खिशातूनच जातात. पाचव्या-सहाव्या पायरीवर काहींना महिन्याकाठी थोडंफार मिळतं. पोट भरायचा धंदा म्हणून बघू नये.

प्रश्न (परभणी) : तालुक्यात आठ संघ आहेत, पण स्पर्धा नेहमी बाद पद्धतीची. त्यांच्यासारखी लीग जमेल?

उत्तर : जमेल. प्रत्येकाशी दोनदा खेळलं तर १४ फेऱ्या, ५६ सामने. रविवारी एक फेरी. त्यांना गोठलेली जमीन थांबवते, आपल्याला काळी. पाऊस उघडल्यावरही ती बुटाच्या तळाला किलोकिलोने चिकटते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ऑक्टोबरअखेर सुरू करून फेब्रुवारीत संपवा. साधारण १७-१८ रविवार मिळतात, त्यातले तीन-चार राहिलेल्या सामन्यांसाठी मोकळेच ठेवा.

पंचांचं आधी बघा, लीग तिथेच मोडते. जर्मनीत प्रत्येक क्लबला संघांच्या प्रमाणात पंच द्यावे लागतात, नाही दिले तर दंड बसतो. तुम्ही प्रत्येक संघाकडून एक पंच घ्या, आपल्या संघाच्या सामन्यात मात्र त्याला शिट्टी देऊ नका. खालच्या पायऱ्यांवर तिकडेही पंच एकटाच असतो, रेषेवर झेंडा घेऊन क्लबचीच माणसं उभी असतात.

शेवटच्या दोन्ही फेऱ्यांत त्या त्या फेरीचे चारही सामने एकाच वेळी सुरू करा, नाहीतर दुसऱ्यांचा निकाल बघून खेळणारे निघतील. त्यासाठी मैदानं चार लागतील, शाळांची आधीच मागून ठेवा. एखादा संघ मधूनच बाहेर पडला तर त्याचे झालेले सगळे निकाल रद्द धरायचे, हे पहिल्या सामन्याआधी लिहून सह्या घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.