सूत, माग आणि रंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत सूतकताई, विणकाम आणि नैसर्गिक रंगाई या तिन्ही गोष्टी शिकवणाऱ्या वर्गाची माहिती मला मिळाली आहे. तिन्ही एकदम शिकाव्यात, की एकेक? आणि सुरुवात कशापासून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन दिवसांत तिन्ही कामांची तोंडओळख होते आणि तेवढीच अपेक्षा ठेवून गेलात तर तो वर्ग उपयोगी ठरेल. पुढे नेटाने शिकायचे असेल तर मात्र सुरुवात विणकामापासून, आणि तीही बाजारातल्या तयार सुतावर करावी, असा माझा आग्रह आहे. आधी सूत, मग कापड हा क्रम वरवर पाहता स्वाभाविक वाटतो. परंतु चांगले सूत कशाला म्हणायचे हे मागावर बसल्याखेरीज कळत नाही. ताण्याच्या (मागावर उभ्या ताणलेल्या) धाग्याला किती ओढ सोसावी लागते, फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी कंगव्यासारखी चौकट) पुढे-मागे होताना तो कसा घासला जातो आणि जाड-बारीक सुताने विणीत कशा रेघा उमटतात, हे एकदा बोटांना समजले, की टकळी (हाताने फिरवून सूत कातायचे लहान साधन) हाती घेताना आपण कसले सूत काढायला बसलो आहोत याची जाण असते.

गांधीजींच्या आश्रमातही गोष्टी याच क्रमाने घडल्या. १९१५ साली अहमदाबादजवळ सुरू झालेल्या त्या आश्रमात आधी माग आले आणि त्यांवर गिरणीचे सूत विणले जाऊ लागले. चरखा नंतर, गंगाबहेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातील विजापूर येथे तो शोधून काढल्यावर आला. सुरुवातीला पेळूही (कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या केलेल्या वळकट्या) गिरणीचेच होते. ते गांधीजींना खटकू लागले तेव्हा गंगाबहेननी पिंजारी शोधला आणि महिना ३५ रुपये मागणाऱ्या त्या पिंजाऱ्याला ठेवून घेतले गेले. कापडापासून कापसाकडे असा उलटा प्रवास त्यांनी केला, आणि नवशिक्यासाठी मला तोच योग्य वाटतो.

वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी शिक्षकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : मागावर ताणा कोण लावणार? बऱ्याच लहान वर्गांत माग आधीच सज्ज करून ठेवलेला असतो आणि शिकणाऱ्याने फक्त धोटा (आडवा धागा नेणारे साधन) इकडून तिकडे टाकायचा असतो. त्यात आनंद जरूर मिळतो, पण घरी आल्यावर रिकामा माग पुढ्यात आला की काहीच सुचत नाही. धागे एका लांबीचे मोजणे, त्यांचा क्रम न मोडता ते मागावर चढवणे, प्रत्येक धागा दोऱ्याच्या फाशातून आणि मग फणीच्या घरातून ओवणे, सर्वांचा ताण सारखा करणे, या तयारीतच विणकामाचे मोठे शिक्षण दडलेले आहे. दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी घेतली आणि सेंटिमीटरला पाच धागे धरले, तर सारे मिळून ५० धागे होतात. एवढे काम एका सकाळी कोणीही करू शकतो. येवल्याला पैठणीचे माग पाहण्याचा योग आला, तर विणणाऱ्या हातांइतकेच रेशीम उकलणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या आणि ताणा जोडणाऱ्या हातांकडे लक्ष द्यावे. पाहुण्यांची नजर सहसा पदरावरच्या मोरावर खिळते आणि ही माणसे नजरेआड राहतात, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : टकळीवर सूत कातायला शिकत आहे, पण हातभर सूत निघण्याआधीच ते तुटते. सराव करा, एवढेच मला सांगितले जाते. (एक वाचक, अमरावती)

उत्तर : सराव हवाच, परंतु सूत का तुटते हे पाहिल्याशिवाय केलेला सराव चूकच पक्की करतो. तुटलेली टोके उजेडात धरून पाहा. टोक मऊ आणि निमुळते असेल, तंतू एकमेकांवरून निसटल्यासारखे दिसत असतील, तर पीळ पोहोचण्याआधीच आपण पेळू ओढत आहात. धागा क्षणभर सैल सोडताच त्याला आटे पडत असतील आणि तो मध्येच तटकन तुटत असेल, तर पीळ गरजेपेक्षा जास्त झाला आहे. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून निदान आधी करायचे. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटरच लांब असतो. त्यामुळे चिमटी आणि पेळू यांच्यामध्ये एका वेळी त्याहून जास्त मोकळा, बिनपिळाचा कापूस ओढला गेला, की तंतूंना एकमेकांचा आधार उरत नाही आणि धागा सुटतो.

अनेकदा दोष कातणाऱ्याचा नसून पेळूचा असतो. पिशवीत दाबून चपटा झालेला, नीट न पिंजलेला किंवा सरकीचे बारीक तुकडे राहिलेला पेळू अनुभवी हातालाही त्रास देतो. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात कापूस रुक्ष होतो आणि ओलसरपणात त्याची ताकद वाढते. म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर कातावे, जवळ ओले फडके पसरून ठेवावे. चरख्याकडे वळण्याची घाई करू नये, कारण चरख्याची चाती (धाग्याला पीळ देणारी फिरती सळई) टकळीपेक्षा कितीतरी वेगाने पीळ देते आणि हात तयार नसेल तर गोंधळ वाढतो. वर्धा आपल्यापासून फार दूर नाही. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेले तेथील खादी-ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय एकदा पाहावे.

प्रश्न : रंगाईच्या वर्गात हळद आणि बीट यांनी सुती रुमाल रंगवले. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ आणि व्हिनेगरही घातले होते. दोन धुण्यांत बीटचा रंग गेला आणि हळदीचा उन्हात उडाला. नैसर्गिक रंग असेच कच्चे असतात का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मुळीच नाही. आपणास कच्चे रंग दिले गेले, आणि त्यावरून साऱ्या नैसर्गिक रंगांबद्दल मत करून घेणे म्हणजे मंजिष्ठ, नीळ आणि आल या वनस्पतींपासून मिळणाऱ्या रंगांवर शतकानुशतके काम केलेल्या रंगाऱ्यांवर अन्याय होईल. बीटचा रंग खाण्याच्या पदार्थांत शोभतो, कापडावर टिकत नाही. हळद कापडाला लगेच धरते, पण उजेड तिला सोसत नाही. शिवाय साबणातील क्षाराने ती लालसर होते, हे हळदीपासून कुंकू करणाऱ्या घरांना सांगायला नको. मीठ-व्हिनेगराने सुती कापडावर हे रंग पक्के होत नाहीत.

सुती कापडाची तयारी अशी असते. शंभर ग्रॅम कापड किंवा सूत धुण्याचा थोडा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळावे. पाणी पिवळसर-तपकिरी झालेले पाहून कोऱ्या कापडात किती मेण आणि मळ होता याची कल्पना येते. मग १५ ते २० ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या कोमट पाण्यात ते काही तास भिजवावे, पिळून वाळवावे, आणि त्यानंतर तितक्याच तुरटीच्या पाण्यात ठेवावे. तुरटी लोकरीवर आणि रेशमावर सरळ बसते, कापसावर मात्र ती नीट बसत नाही. हिरड्यातील तुरट द्रव्य कापसाला चिकटते आणि तुरटीला धरून ठेवते, म्हणून हा मधला टप्पा. यानंतर ५० ते १०० ग्रॅम मंजिष्ठ घेऊन रंगवल्यास लाल छटा मिळतात, फक्त पाण्याला उकळी येऊ देऊ नये, नाहीतर रंग तपकिरीकडे झुकतो. दसऱ्यानंतर उरणारा झेंडू आणि एरवी फेकली जाणारी डाळिंबाची साल यांपासून पिवळ्या छटा मिळतात. हिराकस (लोहाचे लवण) चिमूटभर घातला तरी त्या गडद, हिरवट-करड्या होतात. तो एक-दोन ग्रॅमच्या पलीकडे वापरू नये, कारण जास्त लोहाने कापड कमकुवत होते.

नीळ मात्र वेगळी आहे. ती पाण्यात विरघळत नाही आणि तिला तुरटीही लागत नाही. चुन्याच्या क्षारात गुळासारख्या पदार्थाच्या साहाय्याने ती विरघळत्या रूपात आणावी लागते. तेव्हा द्रावण पिवळट-हिरवे दिसते आणि बाहेर काढलेले कापड हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. हे काम पहिल्यांदा जाणकारासोबतच करावे.

रंगाईची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत. प्रत्येक रंगाची एक पट्टी निम्मी पुस्तकात दाबून आणि निम्मी खिडकीत उजेडात राहील अशी दोन आठवडे ठेवावी. कोणता वर्ग काय शिकवतो याचे उत्तर ती पट्टी देईल.

प्रश्न : स्वतः कातलेले सूत ताण्याला वापरता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येईल, पण पहिल्या कापडाला नको. ताणा तयार दुपदरी सुताचा घ्यावा आणि आपले सूत बाण्यात (आडव्या धाग्यांत) वापरावे. बाण्याला ओढ कमी बसते, त्यामुळे जाड-बारीक सूतही तेथे खपते. पुढे आपल्या सुताचे दोन पदर उलट्या दिशेने पिळून फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) गुंडाळावे आणि त्याला खळ (धागा मजबूत करणारी कांजी) द्यावी. घोंगडीसाठी चिंचोक्यांची खळ वापरतात, सुताला तांदळाची पातळ पेजही चालते. खळ दिलेले धागे ओले असताना एकमेकांना चिकटतात, म्हणून वाळेपर्यंत ते अधूनमधून हाताने सोडवत राहावे.