पहिल्यांदाच परदेशी निघालात ना?

आधी पासपोर्टची मुदत बघा. बरेच देश पुढचे 6 महिने तरी वैध असलेलाच पासपोर्ट चालवून घेतात. तिकीट काढल्यावर हे कळलं की पंचाईत होते. फोटोच्या पानाच्या दोन झेरॉक्स काढा, एक बॅगेत, एक घरच्यांकडे. मोबाइलमध्ये फोटो असतोच हो, पण मोबाइलच चोरीला गेला तर?

औषधांचं मात्र खरंच मनावर घ्या. मी एकदा जागा वाचवायला गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरल्या. कस्टम्सच्या माणसाने डबी कानाशी हलवली आणि विचारलं, हे काय? मला एकाही गोळीचं नाव धड सांगता येईना. अर्धा तास गेला. तेव्हापासून मूळ स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच. चेक-इन सामानात ती चालत नाही.

कार्ड मशीनने ‘तुमच्या चलनात पैसे कापू?’ असं विचारलं, तर तिथलंच चलन निवडा. दुसरा पर्याय बहुधा महागच पडतो. दोन कार्डं एका पाकिटात ठेवू नका. युरोपीय संघात कुठेही संकटात सापडलात तर 112 फिरवा, फोन फुकट लागतो. विमा काढलाच असेल. त्याचा मदत क्रमांक कागदावर लिहून घेतलात का?